समुद्र सगळ्यांचा, संडास कुणाचा?

डहाणू गावातून बोर्डीकडे जाणारा रस्ता धरला की आधी आगर लागते, पुढे नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. सुट्टीच्या दिवशी मुंबई, वसई, वापीकडून माणसे येतात. पोरे पाण्यात खेळतात, म्हातारी माणसे सावली धरून बसतात. नारळपाणी मिळते, ताडगोळे मिळतात, घोडागाडीत फेरीही मारता येते. एकच गोष्ट विचारावी लागते आणि तीही दबक्या आवाजात. इथे बाथरूम कुठे आहे हो?

मागच्या उन्हाळ्यात आगरच्या किनाऱ्यावर आम्हीही हा प्रश्न विचारला. उत्तरे दोन मिळाली. पुरुषांना सुरूच्या झाडांकडे हात दाखवण्यात आला. सोबतच्या भगिनींना एखाद्या हॉटेलात जाऊन विचारण्याचा सल्ला मिळाला. त्या गेल्या, नको असलेला चहा मागवला, मग त्यांची सोय झाली. तिथेच टोपली घेऊन बसलेल्या ताडगोळेवाल्या बाईंना आम्ही विचारले, तुम्ही काय करता? दुपार टळेपर्यंत आपण पाणीच पीत नाही, असे त्यांनी सांगितले. समोर अथांग पाणी, डोक्यावर वैशाखाचे ऊन, आणि बाई तहान मारून बसलेली. यात पर्यटनाच्या गैरसोयीपेक्षा मोठे काहीतरी आहे, एवढे आमच्या लक्षात आले.

लघवी तासन् तास दाबून ठेवली, पाणी कमी प्यायले की मूत्रमार्गाचे आजार होतात. गरोदर बाई, पाळी आलेली मुलगी, मधुमेही माणूस, म्हातारा बाप यांना तर थांबणे शक्यच नसते. त्यात येणारा प्रवासच कसा, तेही पाहा. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. चर्चगेटहून डहाणू रोड हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर, आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. तीन तास दाबून आलेली बाई किनाऱ्यावर उतरते, ती पुन्हा दाबून ठेवण्यासाठीच!

आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर ज्यांच्या आया-बहिणी रात्रीचा प्रवास करून येतात, त्यांना फिरत्या शौचालयासमोरची रांग ठाऊक आहे. रांग पुरुषांचीही असते. पण पुरुषाला भिंत चालते, बाईला चालत नाही.

प्रश्न नळ, विटा आणि फरशीचा नाही. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्या ठरावाने ठरले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुलेही केले. प्रत्यक्षात मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आपल्या लोकांसह जाऊन ते पाणी प्यावे लागले. कागदावरचे 'सार्वजनिक' आणि जमिनीवरचे 'सार्वजनिक' यांत किती अंतर असते, हे महाडने देशाला दाखवले. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई केली गेली.

आज हॉटेलच्या दारावर जातीची पाटी नसते. पण दारावरचा माणूस कपडे पाहतो, पायातली चप्पल पाहतो, भाषा ऐकतो. मोटारीतून उतरलेल्या बाईला तो वाट दाखवतो. टोपलीवाली वारली बाई त्या दाराशी जातच नाही, कारण उत्तर काय मिळेल हे तिला ठाऊक असते. ज्या सोयीसाठी खिसा आणि पेहराव लागतो, ती सोय सार्वजनिक कशी? हॉटेलवाला आपले गिऱ्हाईक पाहणार. सार्वजनिक सोय करणे हे काम शासनाचे आहे, ते हॉटेलवाल्याच्या दयेवर सोडता येत नाही.

शासन म्हणेल, महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ मध्येच हागणदारीमुक्त जाहीर झाला. झाला असेल. पण त्या मोहिमेचा भर घरोघरच्या संडासावर होता. घराबाहेर पडलेल्या माणसाचे काय? विकायला बसलेली बाई, वाडीवर चिकू तोडायला आलेला मजूर, एका दिवसासाठी आलेले कुटुंब ही माणसे घरटी हिशेबात कुठे बसतात? मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी 'राईट टू पी' ही मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. २०१५ मध्ये 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये उभारण्याबाबत महापालिकांना आदेश दिले. पण आगर कुठल्या महापालिकेत येते? खेड्यातल्या बाईचे शरीर काय वेगळे असते?

दुसरी सबब किनाऱ्यावरच्या बांधकामबंदीची. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. मात्र २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत समुद्रकिनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन सोयींमध्ये शौचालये आणि कपडे बदलण्याच्या खोल्या यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि पैशाचे म्हणाल, तर याच डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवणच्या सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. कोळी आणि आदिवासी बांधव त्याला विरोध करीत आहेत, तो विषय वेगळा. पण जिथे हजारो कोटींची भाषा बोलली जाते, तिथे चार संडासांना निधी नाही, हे कुणी सांगू नये.

आता सर्वात महत्त्वाचे. शौचालय बांधणे सोपे असते. उद्घाटन होते, फीत कापली जाते, पाटीवर नावे कोरली जातात. सहा महिन्यांत पाणी बंद, कडी तुटलेली, दाराला कुलूप. असे कुलूप महाराष्ट्राच्या कुठल्याही पर्यटनस्थळी पाहायला मिळते. कारण बांधकामाला निधी असतो, झाडणाऱ्याच्या पगाराला नसतो. ही सफाई कुणीतरी फुकटात किंवा चार पैशांत करील, असे गृहीत धरलेले असते. ते 'कुणीतरी' कोण, हे या देशात विचारावे लागत नाही. जातिव्यवस्थेने त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले आहे.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. गटारात आणि टाकीत मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. भरपाई वाढली, म्हणजे मरणे थांबले नाही. किनाऱ्यावर जमिनीतले पाणी वर असते, टाकी लवकर भरते. ती उपसायला यंत्राची गाडी नेमलेली नसेल, तर उद्या कुणाला तरी आत उतरवले जाईल. एका बाईची अब्रू राखायला दुसऱ्या माणसाचा जीव घालवायचा, असला संडास आम्हाला नको.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आगरपासून बोर्डीपर्यंत ठरावीक अंतरावर स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र, पाणी आणि दिवा असलेली, अपंगांना जाता येईल अशी शौचालये हवीत. बाईकडून पैसे घेऊ नयेत. प्रत्येक शौचालयामागे कायम पगारावर माणूस हवा. ती भरती जात पाहून नव्हे, जाहिरात देऊन व्हावी, आणि हातमोजे, बूट, आठवड्याची सुट्टी, विमा हे सर्व त्यात असावे. टाकी यंत्रानेच उपसली जावी. जर्मनीतल्या आलेन शहराने २००० साली एक युक्ती काढली. जी हॉटेले आणि दुकाने आपला संडास कुणालाही वापरू देतात, त्यांना नगरपालिका दरमहा रक्कम देते आणि दारावर तशी खूण लावते. इथेही ते करता येईल. मग टोपलीवाल्या बाईला चहा विकत घ्यावा लागणार नाही आणि दारावरच्या माणसाचे तोंडही पाहावे लागणार नाही.

तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क महाडला मागावा लागला. प्यायलेले पाणी मानाने सोडण्याचा हक्क शंभर वर्षांनंतर मागावा लागतो आहे. डहाणूच्या लोकप्रतिनिधींनी एका रविवारी आगरच्या किनाऱ्यावर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसून पाहावे. सोबत घरातल्या बायकांनाही न्यावे. त्यानंतर निधी कुठून आणायचा, हे त्यांना कुणी शिकवावे लागणार नाही.