आधी जागा दाखवा

मी सूतगिरणीत रिंगवर तुटलेला धागा जोडतो. तिसरी पाळी. माझा पणजा मुंबईच्या गिरणीत रिंगवरच होता. साच्यावर त्याला कोण घेणार? धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून अस्पृश्याला विणकाम खातं बंद. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता.

आता विटाळ तोंडाचा राहिला नाही. कागदाचा आहे.

माझ्या आईनं रमाई आवास योजनेत अर्ज केला. पंचायतीतला साहेब म्हणाला, ‘मावशी, आधी जागा दाखवा.’

जागा तर आमाला हजारो वर्षं दाखवलीच की! वेशीबाहेरची. आमचं झोपडं गायरानावर. तीन पिढ्या त्या मातीत मेल्या, मातीवर नाव नाही. नाव नाही म्हणून घरकुल नाही. म्हणजे ज्याला काहीच नाही, तोच यादीच्या बाहेर.

आता सरकारचा हिशोब बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या सपाट भागातल्या गरिबाला अख्ख्या घरासाठी 1 लाख 20 हजार. माप 25 चौरस मीटर. त्याच योजनेच्या शहरी खात्यात 2017 पासून मार्च 2021 पर्यंत वर्षाला 12 ते 18 लाख कमावणाऱ्यालाही व्याजात सूट. 2 लाख 30 हजारांपर्यंत. त्याचं घर 200 चौरस मीटरचं असलं तरी चालायचं.

कुणी म्हणेल, शहरातल्या गरिबालाही सूट होती. होती. पण बँकेच्या कर्जावर! रोजंदारीवाल्याला बँक दारात तरी उभी करते का?

मुंबईत तेच. 1991 चा नियम होता, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: मालक, महापालिका, म्हाडा. 2001 मध्ये शब्द फिरवला. वाटे फक्त मोकळ्या जागेचे. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. मालकाला टॉवर, कामगाराला लॉटरी. हक्काची कधी चिठ्ठी टाकतात काय रे?

दोस्तहो, घरकुलाच्या चावीचा फोटो बघून टाळ्या वाजवू नका. क्रम उलटा करायला लावा. आधी बेघर भूमिहीनाला जागा, घरातल्या बाईच्या नावासकट. मग भिंती. मग भाड्याच्या खोलीत कुजणारा कामगार. बँकेच्या दारात स्वतःच्या पायानं जाणारा सगळ्यात शेवटी.

पुढच्या ग्रामसभेत उभे राहा. यादी मोठ्यानं वाचायला लावा. ज्याचं नाव नाही, त्याला तिथंच उभा करा.

साहेब विचारील, जागा कुठाय? त्याला गायरान दाखवा. म्हणा, ही. आता कागद तू दाखव.

जयभीम.