घटपर्णीची रात्र

बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वताची उंची ४,०९५ मीटर आहे. त्याच्या उतारावर, सुमारे १,५०० ते २,६०० मीटरच्या पट्ट्यात, ‘नेपेंथिस राजा’ ही घटपर्णी आढळते. पानाच्या टोकातून एक तंतू निघतो आणि त्याच्या शेवटी झाकणासह कलश तयार होतो. पूर्ण वाढलेल्या कलशात दोन लिटरहून अधिक द्रव मावतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८५९ साली या वनस्पतीला सारावाकचे राजे जेम्स ब्रुक यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले.

लंडनच्या व्हीच रोपवाटिकेने १८७७ मध्ये फ्रेडरिक बर्बिज यांना बोर्निओला धाडले आणि त्यांनी आणलेल्या बियांपासून इंग्लंडात या घटपर्णीची रोपे तयार झाली. परंतु ती जात तेथे फारशी रुळली नाही. त्या काळी घटपर्णी ठेवण्याची रीत ठरलेली होती : काचगृह, कोंडलेली वाफ आणि अहोरात्र पेटती भट्टी. उष्ण कटिबंधातील झाड म्हणजे उष्णतेत वाढणारे झाड, असे गृहीत धरले गेले होते. पर्वतावर मात्र दर हजार मीटरला तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. किनाबालूच्या त्या उतारावर दिवस सौम्य आणि रात्र चांगलीच गार असते.

उंचावरील घटपर्णी घरात वाढवू पाहणाऱ्याने हीच गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. या जातींना दिवसा २० ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते. रात्री मात्र ते १२ ते १६ अंशांपर्यंत खाली यावे लागते. यामागे साधा जमाखर्च आहे. झाड दिवसा प्रकाशाच्या साहाय्याने अन्न कमावते आणि श्वसनात ते खर्च करते. रात्र उष्ण असेल तर हा खर्च वाढतो आणि वाढीसाठी शिल्लक उरत नाही. प्रथम कलश येणे थांबते, मग नवी पाने लहान होत जातात आणि काही महिन्यांनी रोप मरते. मुंबईत मे महिन्याची रात्र साधारण २७ अंशांची असते. तेथे उघड्या खिडकीत ही रोपे जगणे कठीण.

म्हणून हौशी मंडळी उष्णतारोधक कपाट तयार करतात. कोणी जुन्या शीतपेटीला तापमान-नियंत्रक जोडतो, तर कोणी रात्री बर्फाच्या बाटल्या ठेवून भागवतो. बारा ते चौदा तास एलईडी प्रकाश, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि हवा खेळती ठेवणारा लहान पंखा, एवढी सामग्री लागते. दिव्यांची उष्णता कपाटाबाहेर जाईल अशी योजना हवी. कुंडीत बागेची माती चालत नाही. स्फॅग्नम शेवाळ आणि परलाइट यांचे सैल मिश्रण वापरतात. पाणी पावसाचे किंवा आर.ओ. यंत्राचे द्यावे, कारण नळाच्या पाण्यातील क्षार नाजूक मुळांना सोसत नाहीत. मुळांशी खत घालू नये.

खर्चाचा अंदाज आधीच मांडलेला बरा. समजा, शीतयंत्र रात्री दहा तास सरासरी १५० वॅट घेते आणि दिवे १२ तास ६० वॅट घेतात. दिवसाला सुमारे सव्वादोन युनिट, महिन्याला ६६ ते ६७. दहा रुपये दर धरला तर वर्षाला आठ हजार रुपये. रोपाची किंमत एकदाच मोजावी लागते, गार रात्रीचे मोल मात्र रोज. शिवाय कुटुंब गावाला गेले असता वीज गेली, तर कपाटाकडे कोण पाहणार, हेही ठरवून ठेवावे.

कीटकभक्षी झाड घरात ठेवावे का, हा प्रश्न अनेक कुटुंबांत स्वाभाविकपणे उठतो. घटपर्णी आपले अन्न प्रकाशापासूनच तयार करते. कीटकांपासून तिला नत्र व स्फुरद मिळते. तिला कीटक भरवण्याची आवश्यकता नाही. कलशात मंद विरघळणाऱ्या खताचे एक-दोन दाणे टाकूनही तिची गरज भागते. मात्र आपणहून आलेला कीटक तिच्यात पडू शकतो, हे सत्य झाकून चालणार नाही. निर्णय ज्या-त्या घराने घ्यावा. किनाबालूवरीलच ‘नेपेंथिस लोवी’ या जातीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या झाकणावरील स्राव चाटायला वृक्षचिचुंद्री येते, कलशात विष्ठा टाकते आणि त्यातूनच झाडाला नत्र मिळते.

रोप कोठून आले, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे. संग्राहकांच्या हावेपायी रानातील रोपे उपटली जातात. ‘नेपेंथिस राजा’ आणि मेघालयातील आपली ‘नेपेंथिस खासियाना’ या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत; उर्वरित घटपर्णी दुसऱ्या परिशिष्टात येतात. खासियानाला वन्यजीव संरक्षण कायद्याचेही कवच असून परवान्याविना तिची लागवड करता येत नाही. ऊतिसंवर्धनाने किंवा बियांपासून वाढवलेले रोप, पक्की पावती आणि परदेशातून आणल्यास आयातीची सर्व कागदपत्रे, याखेरीज व्यवहार करू नये. कागदाविना स्वस्तात मिळणाऱ्या रोपाची खरी किंमत डोंगराने मोजलेली असते.

खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करता येते. कमाल-किमान तापमापक नियोजित जागी महिनाभर ठेवावा आणि रोज सकाळी रात्रीचा नीचांक वहीत टिपावा. तो १८ अंशांच्या आत राहत असेल, तर तुलनेने सोशीक अशा फिलिपाइन्सच्या ‘व्हेंट्रिकोसा’पासून आरंभ करावा. राहत नसेल आणि कपाटाचा खर्चही झेपणार नसेल, तर घरातील उबदार रात्र सोसणारी ‘व्हेंट्राटा’ ही संकरित घटपर्णी निवडावी. तिचे कलश लहान असले तरी खिडकीत ती वर्षानुवर्षे टिकते. ‘राजा’ला मात्र त्याच्या डोंगरावरच राहू द्यावे.