वाचला, पण बरा झाला का?



कसबा पेठेतल्या जिल्हा बैठकीत भावाचा आणि वीजबिलाचा ठराव होईलच. त्यांच्या जोडीला फवारणीच्या विषबाधेचाही ठराव घ्या, एवढे आमचे म्हणणे आहे. यवतमाळ लांब आहे असे जुन्नरच्या द्राक्षवाल्याने समजू नये.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. चौकशी झाली, मेलेल्यांच्या वारसांना मदत जाहीर झाली. घरी सोडलेले मात्र ‘बरे झाले’ म्हणून कागदावरून उतरले. आमचे भांडण या ‘बरे झाले’शी आहे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांना आपण औषध म्हणतो. त्यांचे घराणे पाहा. १९३६ साली जर्मनीत श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडीवरचा उपाय शोधत होता. हाती लागले टाबून, युद्धातले विष. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेले सरीन त्याच कुळातले. नसेतून गेलेला निरोप जिथल्या तिथे संपवणारे कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम शरीरात असते. विष त्यालाच जखडते. मग लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. ॲट्रोपीन आणि प्रालिडॉक्झिम वेळेवर मिळाले तर माणूस वाचू शकतो. उशीर झाला तर जखडलेले एन्झाइम सुटत नाही. फौजांसाठी असेच एन्झाइम आधीच टोचून ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. आमच्या मजुराला तोंडावर बांधायला रुमाल!

आणि जीव वाचला म्हणजे डोके शाबूत राहिले असे नाही. निकाराग्वातल्या अशाच विषबाधेतून वाचलेल्या ३६ जणांना सुमारे दोन वर्षांनी तपासले. स्मरण, लक्ष आणि हाताचा वेग यांत ते इतरांच्या मागे पडले होते. हा अभ्यास १९९१ साली छापला गेला. आपल्याकडे असा माणूस हिशेबात चुकू लागला, चिडू लागला, की गाव त्याला कामचुकार ठरवून मोकळे होते.

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत जंतुनाशकाची विषबाधा मोडते. मृत्यूला दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक. गेलेल्या स्मरणाला त्या यादीत ओळ नाही. भूमिहीन मजूर तर योजनेबाहेरच.

औषधाला आमचा विरोध नाही. बोंडअळी भाषणाने मरत नाही. मागणी साधी आहे. फवारणीच्या हंगामाआधी तालुक्याच्या दवाखान्यात रक्तातले कोलिनेस्टरेज मोजा, हंगामात पुन्हा मोजा, फार उतरले तर त्या माणसाच्या पाठीवरचा पंप काढा. कॅलिफोर्नियात हा नियम १९७४ पासून आहे. विषबाधेतून वाचलेल्याचे स्मरण वर्षाने आणि दोन वर्षांनी तपासा.

बसवून ठेवलेल्या मजुराची मजुरी कोणी द्यायची, असे बैठकीत कोणीतरी विचारील. विचारू द्या. उत्पादन खर्चात औषधाच्या डब्याची किंमत धरतात, फवारणाऱ्याच्या डोक्याची धरत नाहीत. ती धरून भाव काढा, हेही त्याच ठरावात घाला.