बाष्पीभवनाची दुसरी बाजू

पाण्याच्या ताळेबंदात बाष्पीभवन आपण कायम खर्चाला टाकतो. तलावापुरते ते ठीक आहे. पण एका हेक्टरवरून १ मिलिमीटर पाणी उडाले, तर १० हजार लिटरची वाफ हवेत जाते आणि त्यातली काही पुढे कुठेतरी पाऊस होऊन उतरते. जूनमध्ये पावसातला हा वाटा किरकोळ असतो. तेव्हा बाष्प समुद्राचे. पिके आणि जंगले भरात आली की ऑगस्ट-सप्टेंबरात तो वाढतो. गंगेच्या खोऱ्यात तर मोसमाच्या अखेरीस पावसाचा जवळपास चौथा हिस्सा जमिनीवरून उडालेल्या पाण्याचा असतो, असे अभ्यास सांगतात.

पण म्हणून ‘पाणी अडवा, गावात पाऊस वाढेल’ असे कुणी ग्रामसभेत सांगू नये. इथली वाफ वारा शेकडो किलोमीटर दूर नेतो. शिवाय ओल म्हणजे पाऊस, इतके हे सरळ नाही. कोरडी जमीन अधिक तापते, हवा जोराने वर उचलते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात दुपारनंतरचा पाऊस आसपासच्या मानाने कोरड्या जमिनीवर पडण्याकडे कल दिसला. उत्तर भारतातल्या अफाट सिंचनाने जमीन थंडावते, समुद्राशी असलेला तापमानातला फरक घटतो आणि मोसमी वारे मंदावू शकतात. विहिरीला पाणी आणि रब्बीला ओल, जलसंधारणासाठी एवढी कारणे भरपूर आहेत.

ओल आणि पाऊस यांचे हे नाते आपल्या जमिनीत तपासायचे तर ओल मोजायला हवी. उपग्रहाला वरचे पाचेक सेंटिमीटरच दिसतात. पावसाने खंड दिला की काळ्या रानाची वरची कातडी वाळून भेगाळते, उपग्रह ‘कोरडे’ म्हणतो. पण हातभर खाली ओल असते आणि कपाशी त्यावर बाष्पोत्सर्जन करत राहते. गिरमिटाने १५, ३० आणि ६० सेंटिमीटरवरची माती काढून वजन करणे, १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करणे, हे कंटाळवाणे काम आहे. तरीही खंडाच्या काळात ते चुकवू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

दुसरे, पावसाची वेळ. सकाळी साडेआठला मोजलेल्या चोवीस तासांच्या बेरजेत दुपारी चारची सर आणि पहाटेची झड एकच होऊन जातात. तापल्या जमिनीने उठवलेला पाऊस कोणता, हे मग कळणार कसे? जिथे स्वयंलेखी पर्जन्यमापक नाही, तिथे सर सुरू झाल्याची वेळ शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिली तरी चालेल.