मृतांचा पाव आणि जिवंतांचे आक्षेप

मेक्सिकोतील कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, ‘पान दे मुएर्तो’ नावाचा गोड पाव करतात. ‘मृताचा पाव’ हा त्या नावाचा अर्थ. तेवढे ऐकूनच आपल्यातील काही कर्मठ मंडळी कानांवर हात ठेवतात. ‘हा तर मूर्तिपूजकांचा नैवेद्य!’ असा निवाडा देऊन ती मोकळी होतात आणि तो पाव घरी करून पाहणाऱ्या गृहिणीला उगाच अपराधी वाटू लागते. या निवाड्याला आमची सक्त हरकत आहे.

पावात असते तरी काय? गहू, लोणी, अंडी, साखर, संत्र्याचा सुगंध. यातले काहीच मूळ मेक्सिकोचे नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर ते तेथे पोहोचले. तेथे पहिला गहू आपण पेरला, असे हुआन गारिदो या आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती सैनिकाने १५३८ च्या अर्जात नमूद केले आहे. वेदीवरील ओस्तीही त्याच धान्याची. मग दोष कशाला द्यायचा? पावावरच्या हाडांना आणि मधल्या कवटीला? आपल्या किती क्रूसांच्या पायथ्याशी हाडे व कवटी कोरलेली असतात, हे या मंडळींनी एकदा डोळे उघडून पाहावे. गुलगुथा या शब्दाचा अर्थच मुळी ‘कवटीचे स्थान’ असा आहे.

जुन्या देवतांशी ज्याचा खरोखर संबंध होता ते धान्य वेगळेच: राजगिरा. त्याचे पीठ मळून ॲझ्टेक लोक देवतांच्या मूर्ती घडवीत आणि नंतर त्यांचे तुकडे वाटून खात. फ्रान्सिस्कन संन्यासी बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी हे सविस्तर लिहून ठेवले आहे. मिशनऱ्यांना त्यात ख्रिस्तप्रसादाचे विडंबन दिसले, आणि त्यांचा संताप समजण्याजोगा होता. तरीही राजगिरा टिकला. गुळात वा मधात घोळवलेल्या त्याच्या वड्यांना मेक्सिकोत ‘अलेग्रिया’, म्हणजे ‘आनंद’, म्हणतात. आपल्या बाजारातली राजगिऱ्याची चिक्की तिचीच बहीण. मूर्ती गेली, धान्य उरले. धान्याला पाप चिकटत नसते.

हे काही आमचे नवे तर्कट नव्हे. इ. स. ६०१ मध्ये पोप संत ग्रेगरी यांनी मठाधिपती मेलितस यांना कळवले होते की, इंग्लंडमधील देवळे पाडू नयेत, फक्त त्यांतील मूर्ती नष्ट कराव्यात. आणि लोकांच्या जुन्या मेजवान्या हुतात्म्यांच्या सणांना होऊ द्याव्यात.

ओरडायचेच असेल तर दिखाव्यावर ओरडावे. २०१५ च्या एका जेम्स बाँड चित्रपटात स्मरणदिनाची भव्य मिरवणूक दाखवली गेली. मेक्सिको शहरात तशी मिरवणूक त्याआधी निघतच नव्हती. २०१६ पासून ती खरोखरच निघू लागली! घरची भट्टी मात्र वेगळेच काही शिकवते. तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, ‘रोस्का’ नावाच्या गोल पावात बाळ येशूची बाहुली दडवतात. हेरोदापासून लपवलेले बाळ, असे घरातली मोठी माणसे मुलांना सांगतात. ज्याच्या वाट्याला ती येईल, त्याने २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, सर्वांना ‘तमाल’ खाऊ घालायचे. मक्याचे पीठ मक्याच्याच कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेला हा पदार्थ पाहिला की गोव्यातील १५ ऑगस्टच्या पातोळ्या आठवतात. एका सणाचा घास असा दुसऱ्या सणाचे देणे होऊन बसतो.

तमालनंतर तिसऱ्याच दिवशी मेक्सिकोत संत फेलिपेचा सण येतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांबरोबर क्रूसावर गेलेला, तोच हा मेक्सिकोचा सुपुत्र. मरण ज्यांनी वाटून घेतले, त्यांच्या घरच्या चुली एकमेकींना विटाळ कसा करतील?

तेव्हा गृहिणींनी निःशंकपणे अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम साखर, तेवढेच लोणी, तीन अंडी, दोन चहाचे चमचे कोरडे यीस्ट, चिमूटभर मीठ व संत्र्याच्या सालीचा कीस लागेल तेवढ्या कोमट दुधात मळावा. पीठ दुप्पट फुगले की थोडे हाडांसाठी काढून ठेवावे आणि बाकीच्याचे दोन गोल पाव करून त्यांवर ती हाडे आडवी-उभी चिकटवावीत. पुन्हा फुगू द्यावे. १८० अंशांवर अर्धा तास भाजून, वर लोणी व साखर लावावी. दफनभूमीतून परतल्यावर पहिला तुकडा घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावा आणि आजोबांचे नाव त्याला मोठ्याने सांगावे.