गृहारोग्य : ओसरलेली कळ

मी वैद्य नव्हे. आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. तथापि गतवर्षीं आमच्या घरीं जें घडलें, तें वाचकांस उपयोगी पडेल म्हणून निवेदन करतों.

आमच्या थोरल्या वहिनींचें वय 76. एके सकाळीं त्यांच्या पोटांत कळा येऊन वांत्या झाल्या. दुपारीं उतार पडला. वातविकार समजून आम्हीं ओवा-हिंग दिलें. दुसऱ्या दिवशीं पुनः तोच प्रकार. तिसऱ्या दिवशीं पोट फुगलें. मीं एरंडेल सुचविलें, पण सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, शौच नाहीं, वाराही सरत नाहीं. रेचक नको, आधीं इस्पितळ.”

निदान झालें तें ऐकून आम्ही थक्क झालों. पित्ताशयांतील मोठ्या खड्यानें आतडें अडलें होतें! खडा दीर्घकाळ राहिला म्हणजे दाहानें पित्ताशय शेजारच्या आतड्यास चिकटतें. मध्यें छिद्र पडून खडा आतड्यांत उतरतो. लहान खडे बहुधा शौचावाटे निघून जातात. सुमारें अडीच सेंटिमीटरांहून मोठा मात्र लहान आतड्याच्या अखेरच्या अरुंद भागीं अडकतो. वाटेंत तो अडकतो, सुटतो, पुनः अडकतो. म्हणून कळ येते नि ओसरते. हें ओसरणेंच फसवें! हा विकार विरळा. पण वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, आढळतो.

रिग्लर प्रभृति डॉक्टरांनीं 1941 सालीं याच्या क्ष-किरणचित्रांतील तीन खुणा सांगितल्या : फुगलेलें लहान आतडें, पित्तनलिकांत हवा, आणि भलत्या जागीं दिसणारा खडा. तिन्ही खुणा साध्या चित्रांत एकत्र क्वचितच दिसतात, सी. टी. स्कॅननें उलगडा होतो.

प्रथम नाकांतून नळी घालून जठर रिकामें केलें, शिरेवाटे क्षारजल दिलें. नंतर शस्त्रक्रियेंत खड्याच्या किंचित् वरच्या बाजूस आतडें उघडून खडा काढला व छेद शिवला. दुसरा खडा मागें राहूं नये म्हणून उरलेलें आतडेंही चाचपून पाहिलें. पित्ताशयास हात लावला नाहीं. वृद्ध, क्षीण रोग्यास लांबलेली शस्त्रक्रिया सोसत नाहीं, तेव्हां तो विचार बहुधा पुढें ठेवतात.

वहिनी आज स्वतः देवपूजा करतात. वाचकहो, वृद्ध माणसाची कळ ओसरली, एवढ्यावर निश्चिंत राहूं नका. वांती, फुगलेलें पोट आणि कोंडलेला वारा एकत्र दिसले, तर रेचकाची बाटली ठेवून द्या व तत्काळ इस्पितळ गांठा. त्या दिवशीं घरांत माझेंच ऐकलें असतें, तर हें टिपण मला वेगळ्या शब्दांत लिहावें लागलें असतें.