कपाटाची पाठ

थान उघडले की नवखे गिऱ्हाईक वरची घडी पाहते. जाणता व्यापारी आतली घडी उलटतो, किनार चाचपतो आणि मगच भाव बोलतो. चीनमधील जुन्या कठीण लाकडाच्या कपाटांचे पारखीही असेच. ते कपाटाच्या मागे जाऊन पाठ पाहतात.

मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) हे कसब कळसाला पोहोचले. १५६७ साली समुद्री व्यापारावरील बंदी सैल झाली आणि आग्नेय आशियातून कठीण लाकडाची आवक वाढली. त्यातले ह्वांगह्वाली हे आपल्या शिसमाच्या कुळातले, पिवळसर तांबूस. दुसरे त्झतान, पाण्यात टाकले तर बुडेल इतके जड. जाणकारांच्या मते हे बहुतांशी आपले रक्तचंदनच, जे आंध्रातील रायलसीमेच्या डोंगरांत वाढते. एवढा महाग माल हाती आल्यावर त्यात खिळा ठोकण्याची हिंमत कोण करील?

म्हणून त्या कारागिरांनी खिळ्याला जवळजवळ रजाच दिली. एका लाकडाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची आणि दोन्ही एकमेकांत बसवायची. कोपऱ्यावर बाहेरून एक तिरपी बारीक रेघ दिसते, बाकी सारी मेहनत आत. दाराची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, सरस न लावता. दमट हवेत फळी फुगते, कोरड्या थंडीत आकसते. तिला हलायला जागा ठेवलेली असल्याने ती तडकत नाही. गोल कोपऱ्यांच्या कपाटाला तर बिजागरीच नसते. दाराच्या कडेच्या दांड्याची टोके वर-खाली भोकांत फिरतात, आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या दारांसारखी. कपाट वर किंचित अरुंद, खाली रुंद, त्यामुळे दार आपल्याच वजनाने मिटते.

आम्हा कापडवाल्यांना खरे नवल वाटले ते पुढेच. अशा अनेक कपाटांच्या पाठीला व आतल्या बाजूला रॅमीसारख्या तंतूचे जाडेभरडे कापड चिकटवून त्यावर झाडाच्या चिकाच्या रोगणाचा लेप दिलेला असतो. दमटपणा लाकडात शिरू नये म्हणून. भिंतीकडे राहणारी बाजू ती, तिकडे कोण बघणार होते?

पैगंबर साहेबांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला व आतला ओलावा बोटांना लागला, तो प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण तो विक्रेत्यांना सुनावतो. खरेदी करताना मात्र विसरतो.

हे आम्ही दुसऱ्यांना नाही, स्वतःला सांगत आहोत. दुकानासाठी सागवानी कपाट करून घेताना मिस्त्रीने विचारले होते, "शेठ, सांधे घालू की खिळ्यांवर घेऊ? सांध्याला आठवडा जास्त लागेल." आम्ही आठवड्याची मजुरी मोजली आणि खिळे म्हणालो. वर पॉलिश चकचकीत मारून घेतले. पहिल्याच पावसाळ्यात दार फुगून अडले, दिवाळीनंतर फळीला उभी चीर गेली. मिस्त्रीला बोल लावायला तोंड नव्हते, कारण त्याने विचारले होते.

कारागिरांत पूर्वीचे हुन्नर उरले नाही, अशी तक्रार आपल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. आम्हाला ती अर्धीच खरी वाटते. मजुरी ठरवताना आपण नक्षी पाहतो, पॉलिश पाहतो, लांबी-रुंदी पाहतो. सांध्याचा पैसा कोणी धरतो का? ज्याचा पैसा मिळत नाही ते काम उस्ताद शागिर्दाला कशाला शिकवील? विणकराचेही तेच. ताणा सैल असला तरी वरचा रंग उठावदार असेल तर माल उचलणारे आपणच ना?

आमची सूचना साधी आहे. फर्निचर असो, भरतकाम असो वा शिलाई, पावतीवर आतल्या कामाचा आकडा वेगळा लिहावा आणि त्यात घासाघीस करू नये. गिऱ्हाईक विचारील, हे पैसे कशाचे? तेव्हा कपाट फिरवून पाठ दाखवावी.

आम्ही त्याच मिस्त्रीला नवे कपाट सांगितले आहे, सांध्यांचे. तो म्हणाला, करून देतो, पण हाताखाली पोरगा नाही. त्याचा मुलगा प्लायवूडच्या दुकानात मापे घेतो. दोन महिने लागतील. आम्ही हो म्हटले आहे.